पाचट फुकट, पण वाहतूक?

कोल्हापूर जिल्ह्यात उसाची तोड झाली की फडात वाळलेल्या पाल्याचा, म्हणजे पाचटाचा, थर उरतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन. काही शेतकरी ते शेतातच कुजवतात, पुष्कळजण पेटवून देतात. नाहीतरी जळायचेच, तर ते बॉयलरमध्ये जाळून वीज का करू नये? वाळलेल्या एक किलो पाचटातून सुमारे १५ मेगाजूल उष्णता मिळते. हलक्या प्रतीचा कोळसाही जवळपास तेवढीच देतो. मग अडते कुठे?

अडते ते आकारमानापाशी. एक घनमीटर दगडी कोळशाचे वजन सुमारे ८०० किलो भरते, सुट्या पाचटाचे जेमतेम ५०. म्हणजे १० घनमीटरच्या ट्रॉलीत पाचट फक्त अर्धा टन मावते. ड्रायव्हरचा रोज मात्र तेवढाच. आपण बहुतांशी हवेचेच भाडे भरत असतो! यंत्राने दाबून गठ्ठे बांधले तर घनता दुप्पट-तिप्पट होते, पण यंत्राचा खर्च वाढतो आणि लहान लहान तुकड्यांच्या शेतात ते वळवणेही अवघड.

साखर कारखान्यात चिपाडावर वीज तयार होते ती कशी? एक टन उसातून सुमारे ३०० किलो ओले चिपाड निघते, पण ते उसाबरोबरच कारखान्यात आलेले असते. त्याची वाहतूक साखरेच्या खात्यावर पडते. पाचटाला असा सोबती नाही.

आता थोडे गणित. कारखाना वर्तुळाच्या केंद्रस्थानी आहे आणि सभोवार सारखाच ऊस आहे असे समजू. चौपट पाचट हवे असेल तर त्रिज्या दुप्पट करावी लागते. त्याबरोबर सरासरी अंतरही दुप्पट होते. म्हणून टन गुणिले किलोमीटर हा आकडा आठपट होतो.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेने हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. पाचट भट्टीकडे न नेता भट्टीच शेतात नेली आणि तिथेच पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते, निम्म्याहून अधिक उष्णता मात्र भट्टीतच खर्ची पडते.

शिवाय शेतात ठेवलेले पाचट ओल टिकवते, कुजून पालाश आणि सेंद्रिय कर्ब परत देते. ते उचलले तर हे नुकसानही हिशेबात धरायला हवे.

विद्यार्थ्यांकडून एक बादली पाचट आणि तेवढेच दगडी कोळशाचे तुकडे मोजून घ्यावेत. मग गावापासून जवळच्या कारखान्यापर्यंतचे ट्रॉलीचे भाडे विचारून प्रत्येक मेगाजूलमागे किती खर्च येतो, ते त्यांनाच काढू द्यावे.