कोड आलेली त्वचाही आपलीच

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवरच हल्ला करते. हा संसर्ग नव्हे, कुष्ठरोगही नव्हे. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं, हेही खोटं. रंग बहुतेकदा केसांच्या मुळांतून परततो, म्हणून केस नसलेले ओठ आणि बोटांची टोकं उपचारांना सहसा दाद देत नाहीत. तिथला डाग राहिला तर दोष ना रुग्णाचा, ना मलमाचा. छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात स्कार्फ जरूर बांधा, डाग लवकर भाजतात. लाजेपोटी मात्र नको. उपचारांसाठी तिथल्या घाटी या सरकारी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग आहेच. कोड असलेली तरुण डॉक्टर नायिका म्हणून पाहायची, तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (2006) पाहा. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांसाठी स्वमदत गट चालवते.