दवंडी आभाळातून, चहाडी खिशातून

तिसगावच्या एस.टी. स्टँडवर एक आजी नातीला घेऊन मढीच्या गाडीची वाट पाहत होती. नातीनं फोनवर नकाशा उघडला. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गाची लांबलचक रेघ, आणि तिच्या काठाला एक निळा ठिपका.

"आज्जे, हा ठिपका म्हणजे आपण!"

आजीनं आधी पदर सारखा केला, मग वर आभाळात पाहिलं. "म्हंजे वरून बघतंय व्हय कुणीतरी?"

हसू नका हं! उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतो, असं शिकल्यासवरल्या पुष्कळ माणसांनाही वाटतं. खरी गंमत उलटी आहे. जागा सांगणाऱ्या त्या उपग्रहाला तिसगाव ठाऊक नाही, आजी ठाऊक नाही, आणि तिचा फोनसुद्धा ठाऊक नाही!

पूर्वी गावात दवंडी पिटायचे. दवंडीवाला ओरडत पुढे जायचा. कोण दारात उभं राहून ऐकतंय आणि कोण गोधडीत घोरतंय, त्याला काय पत्ता? जागा सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेचे तीसेक उपग्रहही तसेच. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून त्यांची दवंडी चालू असते : 'मी अमुक ठिकाणी आहे, आणि आत्ता इतके वाजलेत!'

ही दवंडी रेडिओ लहरींची. त्या सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतात, म्हणून सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागातच जमिनीवर पोचतात. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला, यावरून ती किती लांब होती हे आपण ताडतो ना? तसंच या दवंडीच्या हाकेला किती उशीर झाला, यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो. तीन अंतरं जुळली की जागा सापडते.

तरी त्याला चौथा उपग्रह लागतोच. का? उपग्रहात असतं अणुघड्याळ, आणि फोनमध्ये साधं. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं, तरी अंतर 300 मीटरनं चुकतं. म्हणजे आजी स्टँडवर आणि ठिपका कुणाच्या तरी ज्वारीत! चौथ्या हाकेवरून फोन आपल्या घड्याळाची चूक हुडकतो. आपल्या भारताची 'नाविक' यंत्रणाही याच रीतीनं चालते. तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला.

विश्वास बसत नाही? घरच्यांना विचारून करून बघा. आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. मग इंटरनेट बंद करा, लोकेशन मात्र चालू ठेवा आणि अंगणात या. थोडा वेळ लागेल, पण ठिपका येईल. फोन नुसता ऐकतोय!

मग आपला पत्ता फुटतो कुठून? खिशातून! फोननं ऐकलं, हिशेब केला, आणि मग एखाद्या अॅपनं तो पत्ता इंटरनेटवरून भलत्यालाच सांगितला, तर ती झाली चहाडी. अमेरिकेत 2013 साली एक टॉर्चचं अॅप असंच पकडलं गेलं. लोक उजेड पाडत होते, आणि ते त्यांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पोचवत होतं! 2018 मध्ये तर धावण्याच्या एका अॅपच्या जगभरच्या नकाशावर सैनिकांचे तळ उमटलेले दिसले. सैनिक रोज ते अॅप चालू ठेवून तिथं पळत होते, एवढंच.

आणखी एक लक्षात ठेवा. मोबाइलच्या टॉवरशी फोन दोन्ही बाजूंनी बोलतो. त्यामुळे लोकेशन बंद केलं, तरी आपण साधारण कुठल्या टॉवरजवळ आहोत, हे सिमकार्डाच्या कंपनीला कळतंच.

नातीनं हे सगळं सांगितल्यावर आजी म्हणाली, "दाव बरं, कोणकोण चहाडखोर हायेत."

नातीनं सेटिंग्जमधली लोकेशनच्या परवानगीची यादी उघडली. नकाशा? त्याला लागणारच, पण 'फक्त अॅप वापरताना'. हवामान? त्याला नेमकं घर कशाला, अंदाजे ठिकाण पुरे. खाली एक टॉर्चचं अॅप होतं. त्यापुढे लिहिलेलं : 'कायम परवानगी'.

"आगं, दिव्यानं उजेड पाडावा," आजी म्हणाली. "त्याला आपलं गाव कशाला पायजे?"

नातीनं परवानगी काढून टाकली. तेवढ्यात मढीची गाडी लागली. निळा ठिपका हलला. आभाळातल्या दवंडीवाल्याला त्याची खबरही नव्हती.