बहुखूण वर्गीकरण : शिकवणीची उदाहरणे कशी निवडावीत?

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्यात घडविलेले रूळ भारतीय रेल्वेस पुरविले जातात. अशा रुळांवरील दोष छायाचित्रांवरून ओळखण्यास संगणकास शिकवावयाचे आहे, असे समजा. एकाच तुकड्यावर ओरखडा, खपली व तडा हे तिन्ही दोष एकत्र असू शकतात. म्हणून प्रत्येक चित्रास एकच नव्हे, तर लागू पडतील तितक्या खुणा जोडाव्या लागतात. यास बहुखूण वर्गीकरण म्हणता येईल.

खुणा जोडण्याचे काम अनुभवी तपासनिसाचे असून ते वेळखाऊ असते. समजा, १००० चित्रांपैकी केवळ ८ चित्रांत तडा आहे आणि तपासनिसास १०० चित्रेच पाहता येतील. ही चित्रे चिठ्ठ्या टाकून निवडल्यास त्यांत तड्याचे एकही चित्र नसण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के असते. मग ओरखडे यंत्र उत्तम ओळखील. तडा मात्र त्याने पाहिलेलाच नसेल. परंतु गाडीस अधिक धोका असतो तो तड्याचाच.

यावर एक उपाय आहे. प्रथम थोड्या चित्रांवरून यंत्रास प्राथमिक धडा द्यावा. नंतर ज्या चित्रांविषयी ते साशंक असेल, ती तपासनिसापुढे ठेवावीत. ही शंका प्रत्येक खुणेबाबत स्वतंत्रपणे मोजावी. कारण ओरखड्याविषयी निःशंक असणारे यंत्र त्याच चित्रातील तड्याविषयी अनिश्चित असू शकते. तथापि, कधीच न पाहिलेल्या दोषाबाबत यंत्र निःशंकपणे चुकतेही. याकरिता पूर्वी निवडलेल्यांहून अगदी भिन्न दिसणारी काही चित्रेही घ्यावीत.

खुणा जोडलेल्या चित्रांची पुढे शिकवणी व परीक्षा अशी वाटणी करावी लागते. २०११ साली सेखिदिस, त्सुमाकास व व्लाहावास या ग्रीक संशोधकांनी तिची एक पद्धत मांडली. सर्वांत दुर्मिळ खुणेची चित्रे आधी वाटावीत, आणि प्रत्येक चित्र ज्या गटास त्या खुणेची सर्वाधिक उणीव असेल त्यास द्यावे. मग उरलेल्यांतील दुर्मिळ खूण घ्यावी. पंक्तीत मोजके पक्वान्न आधी पानोपानी पोहोचवावे आणि विपुल भात मागाहून वाढावा, तसेच हे आहे.

तात्पर्य, उदाहरणे पुष्कळ असली म्हणजे पुरे, असे नाही. दुर्मिळ दोषास शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे स्थान मिळाले, तरच त्या यंत्रावर कितपत विसंबावे, हे ठरविता येते.