वाट चुकलेल्यांना मंडळीची सोबत

कळसाडी (जि. नंदुरबार) : 'अमक्याच्या आयुष्याला दिशा मिळाली' असे आपण सहज बोलून जातो. ती मिळते म्हणजे नेमके काय घडते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे आपल्याला ही दिशा प्रभू येशूवरील विश्वासाने आणि मंडळीने दिली, असे सांगतात. त्यावर बाहेरच्या समाजाकडून दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. श्रद्धावंत म्हणतात, हा चमत्कार आहे. टीकाकार म्हणतात, हे आमिष आहे. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत त्या घरात आणि त्या मंडळीत काय चालते, याकडे मात्र दोन्ही उत्तरांचे दुर्लक्ष होते. खरा उलगडा तेथेच होण्याजोगा आहे.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांची ही भूमी. ज्यांची शेती पावसावर अवलंबून आहे किंवा ज्यांना शेतीच नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. पावसाळा गावात जातो. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला, बहुधा दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या पडावांवर, निघावे लागते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पोरेबाळे सोबत. उन्हाळ्यात परतल्यावर हिशेब झाला की हाती उरते ते बहुधा थोडेच, आणि पुढच्या हंगामाची उचल दारात उभीच असते.

अशा जीवनात 'दिशाहीन होणे' याला फार तत्त्वज्ञानाची गरज नसते. कर्ज, आजारपण आणि दारू, या तिघांच्या फेऱ्यात सापडलेला माणूस आपोआपच दिशाहीन होतो. त्यातही दारूचा प्रश्न वरून दिसतो तितका सरळ नाही. मोहाची दारू हे येथे केवळ व्यसन नाही. ती देवाला वाहिली जाते, पहिली धार जमिनीवर सोडली जाते. लग्नाच्या बोलणीत, मयताच्या विधीत, पाहुण्याच्या स्वागतात तिला मान आहे. त्यामुळे 'उद्यापासून पिणार नाही' असे म्हणणारा माणूस केवळ एक पेला नाकारत नाही. तो देवाचा, सोयऱ्यांचा आणि पंचांचा हात बाजूला सारत असतो. एकट्याने हे निभावणे जवळजवळ अशक्य. दारू सोडायची तर तिच्या जागी दुसरा विधी, दुसरी शपथ आणि ती शपथ पाळणारी दुसरी माणसे लागतात. आमच्या मते, या परिसरातील मंडळ्यांचे बळ समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

देवीपासून आरतीपर्यंत

ही गरज ओळखणारी मंडळी ही काही पहिलीच नव्हे. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात 'देवी'चे आंदोलन उसळले. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागातून निघालेली ही देवी नाशिक, खानदेश आणि डांगच्या डोंगरांतून सुरत जिल्ह्यात पोहोचली होती. तिचा संचार झालेली माणसे लोकांना आज्ञा देत : दारू-ताडी सोडा, मांसाहार सोडा, रोज स्नान करा, पारशी मद्यविक्रेत्यांकडे काम करू नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या आंदोलनाचा विस्तृत मागोवा घेतला आहे. पुढे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुला महाराजांनी आरतीच्या निमित्ताने हजारो भिल्लांना एकत्र आणून दारूबंदीची आणि शुद्ध आचरणाची शिकवण दिली. १९७२ मध्ये शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमिक संघटना उभारली, तेव्हा मजुरी आणि जमिनीच्या लढ्यासोबत स्त्रियांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्यांवर धडक मारून मडकी फोडली. अंबरसिंग स्वतः भजनाच्या परंपरेतून आलेले होते आणि लोक त्यांना 'महाराज' म्हणत, हा योगायोग नव्हे.

देवी, आरती, भजन, संघटना. प्रत्येक वेळी माणूस एकटा सुधारला नाही. चारचौघांत उभा राहून सुधारला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनरी पश्चिम खानदेशात आले आणि त्यांच्या कामातून नवापूर, नंदुरबार परिसरात मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या याच मातीत. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय स्वातंत्र्यपूर्व काळापासून कार्यरत आहे. आज या जिल्ह्यात मिशनच्या जुन्या मंडळ्यांबरोबर रोमन कॅथलिक धर्मकेंद्रे आहेत आणि कोणत्याही मोठ्या संस्थेशी न जोडलेले प्रार्थनागटही आहेत. त्यांच्यात मतभेद बरेच आहेत; 'सगळे ख्रिस्ती एकच' हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे.

विटांची नव्हे, माणसांची

मराठी ख्रिस्ती बांधव 'चर्च' या शब्दापेक्षा 'मंडळी' हा शब्द अधिक आपुलकीने वापरतात, आणि तो अधिक अचूकही आहे. खेड्यातील मंडळीला इमारत असेलच असे नाही. कोणाच्या ओसरीवर, कुडाच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली रविवारची उपासना होते. पाळक असतो, वडील म्हणून निवडलेली दोन-चार माणसे असतात, गीते म्हणणारी तरुण पोरे असतात, मुलांसाठी रविवार शाळा असते. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा होते. गीते मराठीत असतात, तशी मावची, भिली बोलींतही असतात; ज्या बोलीत माणूस रडतो त्या बोलीत प्रार्थना करता येणे ही लहान गोष्ट नाही.

या उपासनेतील एक भाग बाहेरच्या माणसाने मुद्दाम लक्ष देऊन पाहावा असा आहे. त्याला 'साक्ष' म्हणतात. एखादी व्यक्ती उठते आणि आपली हकिगत सांगते : पूर्वी मी असा होतो, मग असे घडले, आता मी असा आहे. वरवर पाहता हे साधे कथन. परंतु ज्याच्या आयुष्याला आजवर उचल, हंगाम आणि हिशेब यापलीकडे काही क्रम नव्हता, त्याला प्रथमच आपल्या जगण्याला आरंभ, वळण आणि पुढची वाट असल्याचे जाणवते. शिवाय ऐकणारे अनोळखी नसतात. समोर बायको बसलेली असते, शेजारी चुलतभाऊ असतो, मागे तो दुकानदार असतो ज्याची उधारी बाकी आहे. शहरातल्या सभागृहात मारलेली थाप खपून जाईल. येथे खपत नाही. शनिवारी रात्री जो झिंगत घरी आला, त्याला रविवारी सकाळी साक्ष देता येत नाही, आणि तो गप्प का आहे हे सर्वांना कळते.

दुसरी गोष्ट गैरहजेरीची. एखादा माणूस दोन रविवार आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. आजारी आहे का, भांडण झाले का, की पुन्हा गुत्त्यावर बसतो आहे? ही चौकशी कधी जाचक वाटते, हे खरे. पण ज्याची अनुपस्थिती आजवर मुकादमाखेरीज कोणाच्या लक्षातही येत नव्हती, त्याला आपली वाट पाहणारी माणसे आहेत हे कळणे हीच अर्धी दिशा होय. ऊसतोडीच्या पडावावरही एकाच मंडळीची चार कुटुंबे एकत्र आली की रात्री प्रार्थना होऊ शकते, आणि आता गावातला पाळक मोबाइलवरून त्यात सामील होऊ शकतो. फिरत्या माणसाबरोबर फिरू शकणारा समाज, हे मंडळीचे मोठे बलस्थान आहे.

या साऱ्याचा पहिला लाभ स्त्रियांना होतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये. दारूवर जाणारा पैसा घरात राहिला तर तो धान्यात, शाळेच्या दप्तरात, औषधात दिसतो. नवरा हात उगारतो हे सांगण्यासाठी पोलीस पाटलाखेरीज आणखी एक दार तिला मिळते. ते दार नेहमी उघडतेच असे नाही. पाळकही पुरुष, वडीलही बहुधा पुरुष. 'सहन कर, प्रार्थना कर' असा सल्ला देऊन बाईला परत पाठवले गेले तर मंडळीने आपल्याच शिकवणुकीला हरताळ फासला, असे म्हणावे लागेल.

टिळकांची वाट, रमाबाईंची वाट

महाराष्ट्रात हा विषय निघाला की रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण अपरिहार्य असते. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण या दोन वाक्यांच्या मागे केवढी उलथापालथ होती, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पती-पत्नीची ताटातूट झाली, नातलग दुरावले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. एकाला गवसलेली दिशा दुसऱ्यावर लादता येत नाही, हे त्या पुस्तकाइतके प्रांजळपणे क्वचितच कोठे सांगितले गेले असेल. विशेष म्हणजे टिळक पुढे परदेशी वळणाच्या मंडळीत रमले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे जागा होती.

पंडिता रमाबाईंची कथा निराळी. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी धर्मगुरूंशी त्यांचा वाद थांबला नाही. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, खुद्द ख्रिस्त मात्र काही वर्षांनी, असे त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, त्यातून केडगावचे मुक्ती मिशन वाढले. तेथे या मुलींना प्रार्थनेबरोबर छापखान्याचे, विणकामाचे, शेतीचे काम शिकवले गेले. रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, याच छापखान्यातून बाहेर पडले. निराधार मुलीला 'दिशा' देणे म्हणजे तिच्या हाताला काम देणे, हे रमाबाईंनी जितके ओळखले तितके आजच्या कित्येक प्रार्थनागटांनी ओळखलेले दिसत नाही.

किंमत कोण मोजतो

टिळकांच्या घरात जे घडले तेच, कमीअधिक प्रमाणात, सातपुड्याच्या पायथ्याशी आजही घडते. होळी हा येथील आदिवासींचा सर्वांत मोठा सण. देवमोगरा माता ही कुलदेवता. वाघदेवाची पूजा साऱ्या गावाची. बाप्तिस्मा घेतलेले घर यातून बाजूला झाले की गावाचा सवाल असतो : वर्गणी कोण देणार, ढोल कोण वाजवणार, मयताला खांदा कोण देणार? हा सवाल खोटा नाही. संस्कृती जपणाऱ्यांची वेदनाही समजून घेतली पाहिजे. काही पाळक जुन्या साऱ्याच गोष्टींना 'सैतानाचे काम' म्हणून मोकळे होतात. त्यात ढोलही जातो, बाबा-आजोबांची गाणीही जातात. देवीच्या आणि आरतीच्या लाटेने दारू सोडायला लावली, पण भिल्लपण सोडायला लावले नाही, एवढे तरी या पाळकांनी लक्षात घ्यायला हवे.

आजारपणाचा मुद्दा याहून नाजूक आहे. अनेकांचा मंडळीशी पहिला संबंध येतो तो आजाऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेतून. जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. क्षयरोग, कुपोषण आणि सर्पदंश आहेतच. प्रार्थनेने रुग्णाला आणि घराला धीर मिळतो, याविषयी दुमत नसावे. मात्र 'विश्वास ठेव, गोळी बंद कर' असे कोणी सांगत असेल तर ते पाप आहे, हे मंडळीतील वडिलांनीच ठणकावून सांगितले पाहिजे. ख्रिस्ती रुग्णालयाची परंपरा याच जिल्ह्यात असताना हे वेगळे सांगावे लागू नये.

कायद्याची बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा मात्र त्यातील मूलभूत हक्क नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. अनुसूचित जातींच्या दर्जाला धर्माची अट आहे, तशी अट १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही; ती घालावी ही मागणी अलीकडे जोर धरते आहे. जुलै २०२५ मध्ये नवापूर परिसरातील विनापरवाना चर्चचा प्रश्न विधानसभेत गाजला आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी चौकशी करून कारवाईचे आश्वासन दिले. बांधकाम नियमाबाहेर असेल तर नियम सर्वांना सारखा लागावा. पण पत्र्याचे छप्पर उतरवल्याने त्याखाली जमणारी माणसे कशासाठी जमत होती, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आणि प्रत्येक साक्ष सुखान्त नसते. हंगामात घसरलेला, पडावावर पुन्हा प्यालेला, उचल उडवून आलेला माणूस उन्हाळ्यात गावी परततो तेव्हा मंडळीची खरी परीक्षा होते. काही ठिकाणी शिस्त म्हणून त्याला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. काही ठिकाणी त्याचे नाव काढणेच बंद होते. तो मग परत येत नाही, त्याची बायको तेवढी मुलांना घेऊन मागच्या ओळीत बसते. आणि काही ठिकाणी मंडळीचा एखादा वडील, जो स्वतः कधीकाळी गुत्त्यावरचाच होता, सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बाजेवर बसतो आणि चहा मागतो.