तार दिसली म्हणजे नोट खरी?

पाचशेची नोट हातात आली की बहुतेक जण ती उजेडाकडे धरतात आणि तार दिसली की निर्धास्तपणे गल्ल्यात टाकतात. पण हिरवी पट्टी बनावट नोटेवरही छापता येते, चिकटवता येते. खऱ्या नोटेतली तार कागदाच्या आतबाहेर होत जाते, तिच्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’ ही अक्षरं असतात आणि नोट तिरकी केली की तिचा हिरवा रंग निळा होतो. समोरच्या बाजूला खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह छापलेला आकडाही तसाच रंग बदलतो. साध्या रंगीत झेरॉक्सला हे जमत नाही, म्हणून माझा भरवसा या खुणेवर जास्त. संध्याकाळच्या बाजारात उजेड कमी असेल तर अंगठा फिरवून बघा: गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघा बोटाला उठावदार लागतात. अंध व्यक्तींसाठी केलेली ही सोय आपल्यालाही उपयोगी पडते. वापरून मळलेल्या नोटेचा उठाव मात्र झिजतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

क्रमांकात चांदणी असलेली नोट नकली, ही निव्वळ अफवा. शंभराच्या गड्डीत एखादी नोट सदोष छापली गेली तर तिच्या जागी ही चांदणीवाली नोट घालतात. निळ्या दिव्याखाली चमकली म्हणजे खोटी, हेही नेहमी खरं नसतं. खिशात राहून साबणाच्या पावडरीत धुतलेली खरी नोटही चमकते.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो धाक: ‘बँकेत दाखवली तर पोलीस मागे लागतील.’ एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या, तर बँक त्यांची माहिती महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना देते. पाच किंवा जास्त असतील तरच लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी कळवते. बँक नोटेवर शिक्का मारून ती जप्त करते आणि पावती देते. ही पावती मागून घ्याच. बदली पैसे मिळत नाहीत, आणि ‘घेऊन जा परत’ म्हणत नोट तुमच्या हातात ठेवणंही बँकेला नियमाने चालत नाही.

पाचशे बुडाल्याचं दुःख खरंच असतं. म्हणून लोक ती नोट अंधारात भाजीवालीकडे खपवतात. तिची दिवसभराची कमाई कधीकधी तेवढीच असते. खोटी आहे हे माहीत असताना नोट चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकते. संशय आला तर देणारा समोर असतानाच दुसरी नोट मागा. तो निघून गेला असेल, तर कुणी, कधी दिली ते आठवेल तेवढं लिहून ठेवा आणि नोट वेगळ्या पाकिटात घालून बँकेत न्या.