टेप आधी फूटपाथला लावा

रस्त्याचं माप घ्यायचं म्हटलं की टेप डांबराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणला जातो. यवतमाळच्या दत्त चौकात तो उलट बाजूने लावून पाहावा. एक टोक दुकानाच्या शेवटच्या पायरीला, दुसरं नालीच्या ढाप्याला. मधली पट्टी पायी चालणाऱ्याची.

ही पट्टी सरळ मोजता येत नाही. आडव्या लावलेल्या दुचाक्या, दुकानाबाहेर आलेला बोर्ड, विजेची डीपी, उखडलेले गट्टू हे सगळं वजा करावं लागतं. शेवटी पाऊल खरोखर मावेल तेवढीच रुंदी वहीत लिहायची. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी 103 या मार्गदर्शिकेत किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली आहे, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना न अडता जातील एवढी. बाजारपेठेत त्याहून जास्त हवी. फूटपाथची उंचीही 15 सेंटिमीटरच्या आत असावी. उंच कडा चढणं ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, ती माणसं मुकाट्याने खाली उतरून गाड्यांच्या बाजूने चालू लागतात.

रस्ता ओलांडण्याचं माप सेकंदांत निघतं. रस्ता 12 मीटरचा असेल तर सेकंदाला 1.2 मीटर चालणारा तरुण 10 सेकंदांत पार होतो. 0.8 मीटरच्या चालीने जाणाऱ्या आजींना 15 लागतात. डाव्या हातात नातवाचं मनगट, उजव्यात औषधांची पिशवी. त्या मध्यापर्यंत येतात आणि थांबतात. पुढून एसटी, मागून ऑटो. नातू पुढे ओढतो, त्या मागे ओढतात. हे 5 सेकंद त्यांना द्यायचे की नाही, हे रस्ता आखणारा ठरवतो.

घाटंजी, बाभूळगाव, नेरहून एसटीने येणारा माणूस स्टँडवर उतरला की पायीच असतो. कुणाला कोर्ट गाठायचं असतं, कुणाला बियाण्याचं दुकान, कुणाला वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. हे शहर चालतं त्यांच्यावर, आणि उरलेल्या जागेतून वाट काढावी लागते तीही त्यांनाच. हा सरळ अन्याय आहे.

2023 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,72,890 माणसं गेली, त्यांत 35,221 पादचारी होते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबरमध्ये फूटपाथ आणि क्रॉसिंगच्या तपासणीचे आदेशही दिले, पण ते 50 मोठ्या शहरांपुरते. यवतमाळ त्यांत नाही.

शहराबाहेर प्रश्न आणखी जीवघेणा होतो. राष्ट्रीय महामार्ग 361 वर कळंब आहे, आर्णी आहे. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आणि आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याला येणारे कितीतरी जण पायी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गाडीचा वेग 50 वरून 65 किलोमीटरवर गेला की धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते. म्हणून वस्तीजवळ वेग आवरणारी रचनाच हवी. नुसत्या फलकाने भागत नाही.

फूटपाथ मोकळा करायचा म्हणजे हातगाड्या उचलायच्या, हे समीकरण मात्र चुकीचं आहे. केळीवाल्याच्या हक्कासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, जागा ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. फूटपाथवर चढवलेल्या मोटारीसाठी असा कुठला हक्क नाही. आधी ती हलवा.

पुण्याने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, पुढे जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले. यवतमाळला सुरुवातीला एवढा खर्च करायची गरज नाही. नगरपरिषदेने बसस्थानक ते दत्त चौक एवढाच पट्टा टेप लावून मोजावा, मापं फलकावर लावावीत आणि पुढच्या रस्त्याच्या निविदेत डांबराच्या आधी फूटपाथची रुंदी लिहावी. नागरिकांनीही ती निविदा मागून वाचावी.