निवृत्तीनंतर उबदार कोकणात राहायला जावं का? आधी तब्येतीचा हिशोब मांडा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, ही थंडी आता सोसत नाही, गुडघे धरतात. नोकरीतून मोकळे झालोच आहोत, तर कोकणात गावच्या घरी जाऊन राहू का?"

काही वर्षांपूर्वी अशाच एका जोडप्याला मी सहज म्हणून गेलो, "जा की, बरं वाटेल." काका बँकेतून निवृत्त झालेले, काकूंना दहा वर्षांपासून बीपी. जानेवारीत काकूंचं बीपी वाढलेलं होतं म्हणून मी एक गोळी वाढवली होती, लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. फेब्रुवारीत दोघं गावी गेले. एप्रिलमध्ये फोन आला. काकूंना उठताना चक्कर येत होती आणि एकदा त्या न्हाणीघरात पडता पडता वाचल्या होत्या. जवळच्या डॉक्टरांकडे बीपी मोजायला सांगितलं, तर वरचा आकडा ९८. चूक माझी होती. हवा बदलणार हे माहीत असून मी गोळ्यांचा विचारच केला नव्हता.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. उन्हाळ्यात त्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, बीपी उतरतं. थंडीत ठरवलेला डोस घेऊन माणूस गरम हवेत गेला की तोच डोस जास्त ठरू शकतो. साठीपुढच्या बाईला न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडणं हा गुडघेदुखीपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे. म्हणून गावी गेल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोनदा बीपी मोजा, बसून आणि मग उभं राहून, आणि आकडे डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

गुडघ्यांचं काय?

गुडघ्याची झीज थंडीमुळे होत नाही. थंडीत स्नायू आखडतात, चालणं कमी होतं, त्यामुळे सकाळी सांधा धरल्यासारखा वाटतो. ऊब मिळाली की आराम पडतो हे खरं, पण झीज आहे तेवढीच राहते. २०१९ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच हजारांहून जास्त लोकांनी रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं आणि ते त्या दिवशीच्या हवेशी ताडून पाहिलं गेलं. दमट हवा, कमी दाब आणि वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं जास्त होतं. तापमानाशी मात्र ठोस संबंध दिसला नाही. आता कोकणची हवा आठवा. थंडीपासून पळून आपण दमटपणाकडेच जातो!

माझा अनुभव असा की मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नेटाने केले आणि वजन चार-पाच किलो उतरवलं, तर नाशिकमधल्या गुडघ्यांनाही चांगला फरक पडतो. फिरायला पहाटे साडेपाचला जाण्याचा हट्ट सोडा, ऊन आल्यावर जा. शेक घ्या, पण मधुमेह असेल तर पाण्याची पिशवी हाताने तपासूनच लावा, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही.

थंडीमुळे खरोखर त्रास वाढणारेही रुग्ण असतात. गार हवेत चालताना छातीत दुखणारे, दर हिवाळ्यात छाती भरून येणारे जुने दम्याचे किंवा सीओपीडीचे रुग्ण, बोटं पांढरी-निळी पडणारे. यांनी हिवाळा उबदार जागी काढावा असं मीही सांगतो.

मे आणि जुलै पाहिल्याशिवाय ठरवू नका

लोक दिवाळीच्या सुट्टीत गावी जातात, आठ दिवस छान वाटतं आणि बेत पक्का होतो. मे महिन्यात पारा ३४ असतो, पण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागात ४० अंशांपासून सुरू होतो, तर किनारपट्टीवर ३७ पासून. वयानुसार तहान कमी लागते. पाण्याची गोळी घेणाऱ्यांचं सोडियम घामाने आणखी उतरतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटतं, वय झालं.

इन्सुलिनचंही तसंच. नाशिकमध्ये फ्रीज बंद पडला तर ओल्या मडक्यात इन्सुलिन ठेवायला मी सांगतो. दमट हवेत मडक्याचं पाणी फारसं उडतच नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे नीट चालत नाही.

जुलैत वेगळीच कथा. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतींना बुरशी धरते, गादी-उशांमध्ये धूलीकण किडे वाढतात आणि ॲलर्जीचा दमा असलेल्यांची धाप वाढते. लेप्टोस्पायरोसिसही याच दिवसांतला. टाचेला भेगा असलेल्या मधुमेही माणसाने अनवाणी शेतात उतरू नये. उतरावंच लागलं तर गमबूट हवेत, आणि नंतर ताप आला तर क्रोसिन घेऊन वाट पाहत बसू नये.

रात्री दोनचा प्रश्न

हा मी आता सगळ्यांना विचारतो. रात्री दोनला छातीत दुखलं तर गाडी कोण चालवणार? ईसीजी किती अंतरावर निघेल, अँजिओप्लास्टी कुठे होईल? पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. १०८ ला फोन करायचाच, पण पावसाळ्यात घाटातून आणि वाडीच्या रस्त्याने लागणारा वेळ स्वतः एकदा मोजून पाहा. स्टेंट बसवलेल्यांना आणि डायलिसिसवर असलेल्यांना मी कायमचं जाऊ नका असंच सांगतो. वाडीतली तरुण मुलं मुंबईत असतात, हेही विसरू नका. नाशिकमध्ये तीस वर्षांचे शेजारी असतात, कट्ट्यावरचे मित्र असतात, दोन दिवस दिसला नाहीत तर दार वाजवणारा मेडिकलवाला असतो. एकटेपणाने झोप आणि भूक दोन्ही जातात, आणि त्यावर समुद्राचा वारा पुरत नाही.

त्या काका-काकूंनी घर विकलं नाही. दिवाळी झाली की ते गावी जातात आणि शिमगा आटोपून नाशिकला परततात. जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा माझ्याकडे येतात. काकूंच्या गोळ्यांचे दोन वेगळे कागद आहेत, एकावर 'गाव' आणि एकावर 'नाशिक' असं लिहिलेलं. दरवर्षी सोडियम आणि क्रिएटिनिन तपासून दोन्ही नव्याने लिहून देतो. काकांचे गुडघे जिना चढताना दोन्हीकडे दुखतात, आणि व्यायामाचं विचारलं की ते अजूनही विषय बदलतात.